स्क्रीनवरचा तलाव

कुडव्यातल्या आमच्या घरी दरवर्षी तांदूळ द्यायला येणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. यंदा मी कॉम्प्युटरवर त्यांना त्यांच्या गावचा तलाव आभाळातून दाखवला. खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसून त्यांनी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, हळूच बोट फिरवलं.

"याचा फोटू निघन का जी?"

"विंडोजचं आणि प्रिंट स्क्रीनचं, दोन्ही बटणं एकदम दाबा."

दाबताच स्क्रीन क्षणभर अंधारली. काका दचकले.

"गेला का जी तलाव?"

"नाही, साठवला." मी फोल्डर उघडून फोटो दाखवला.

"नेट गेल्यावर बी रायते?"

"राहतो."

"मंग बरं. आमच्या आज्यानं ही पाळ बांधली. आलेलं पाणी अडवलं नाही तं वाहून जाते."

रविवारी व्हिडिओ कॉलवर दूर राहणारी आई खळखळून हसली आणि माझी बोटं आपसूक त्या दोन बटणांवर गेली.