उघडलं तर सांगायचं

हॅकर हा शब्द तेव्हा नागपूरला पोचला नव्हता. पोचला असता तरी आम्हाला कोणी तो लावला नसता. आम्ही चौघं म्हणजे कोण, तर धंतोलीतल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये दिवसभर मार्कांचे आकडे बडवणारी मी, माझ्या शेजारच्या टर्मिनलवर बसणारा एक हंगामी ऑपरेटर, महालातला एक रेडिओ दुरुस्त करणारा आणि कुठल्याशा कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारा त्याचा मित्र. साल सत्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी, नक्की आठवत नाही, आणि आठवून तरी काय करायचंय.

सेंटरचं काम कॉलेजांचे निकाल लावून देण्याचं. मशीन एकच, ए.सी. खोलीत ठेवलेलं, आणि त्याला जोडलेले सहा टर्मिनल. चपला दाराबाहेर काढायच्या. धूळ आत जाऊ नये म्हणून, असं साहेब सांगत. पण दसऱ्याला त्याच मशीनला हळदकुंकू लागायचं, तेव्हा धुळीचं कोणी नाव काढत नसे. मे महिन्यात बाहेर डांबर वितळायचं आणि आम्ही आत स्वेटर घालून बसायचो. मी स्वेटर घेऊन निघाले की सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

शनिवारी साहेब एक वाजता घरी जात. चार वाजेपर्यंत आम्हाला सरावासाठी बसायची परवानगी होती, आणि ओळखीच्या दोघांना आणलं तरी साहेबांची हरकत नसे. तोच आमचा अड्डा. आधी जिन्यात बसून तर्रीपोहे खायचे, हात धुवायचे, मग आत. खेळ साधा होता. एकानं मशीनमध्ये एखादी चिठ्ठी लपवायची, तिला पासवर्डचं कुलूप घालायचं, आणि बाकीच्यांनी ते उघडायचं. नियम एकच होता आणि तो त्या हंगामीनं घातलेला. उघडलं तर सांगायचं. कसं उघडलं, कुठं कच्चं होतं, सगळं ज्याचं कुलूप त्याला सांगायचं.

"उघडलं अन् सांगतलं नाई, तं आपन चोर," तो म्हणायचा. "सांगतलं तं मिस्त्री."

आम्हा चौघांत त्याचंच डोकं चालायचं. मी आपली बघायची. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. वडील मिलमध्ये, वय झालं तरी रात्रपाळी चालूच, छातीत कापूस भरल्यासारखा खोकला. त्या वडिलांनी पोराला एक गोष्ट पक्की शिकवली होती: तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, आपलं म्हणणं लिहून द्यायचं. दोन वर्षं हंगामी काढल्यावर जुलैत त्याची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. ऑर्डर हातात पडली की त्याच दिवशी मिलमध्ये जाऊन बापाची रात्रपाळी बंद करणार, हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं होतं की मीच जुलैची वाट बघायला लागले होते.

त्या शनिवारी रेडिओवाला म्हणाला, आपलीच कुलपं आपण किती दिवस उघडायची, एखादं खरं उघडून बघू. खरं म्हणजे साहेबांचं. साहेबांच्या पासवर्डनं सगळं उघडायचं. कोणत्याही पोराचे मार्क बघता यायचे आणि बदलताही यायचे. आमचा हंगामी हसायला लागला.

"ताई, तुमी वहीवर सगळ्यात वर काय लिवता?"

मी म्हटलं, काय म्हणजे? श्री. दुसरं काय लिहिणार?

"आमच्या घरी नाई लिवत. म्हनून मले दिसते, तुमाले नाई दिसत. साहेब बी लिवते. चाय मागवाची चिठ्ठी राहिली तरी लिवते. टाका."

आणि मी टाकलं. एस, एच, आर, आय. माझ्या बोटांनी, वर हसत हसत. पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं तेव्हापासून श्री लिहीत आले, पण ते डोळ्यांना कधी दिसलंच नव्हतं. हिरव्या अक्षरांत यादी उघडली. शेकडो पोरांची नावं, पुढे मार्क. माझ्या मावसदिराचा मुलगा त्यात नापास होता, तोही दिसला. मग तोच हळू म्हणाला, बंद करा ताई. मी बंद केलं.

प्रयोगशाळावाला म्हणाला, विसरून जा. मी म्हटलं, साहेबांना तोंडी सांग, सहज बोलता बोलता. त्याला दोन्ही पटेना. सांगायचं हा नियम त्याचाच, आणि लिहून द्यायचं हा त्याच्या बापाचा. सोमवारी सकाळी तो अर्ज घेऊनच आला. अक्षर बघत राहावं असं. विषय: मशीनच्या सुरक्षिततेबाबत. महोदय, आपला पासवर्ड सहज ओळखता येण्याजोगा आहे, मी स्वतः तो टाकून खात्री केली आहे, कोणताही बदल केलेला नाही, तरी कृपया तो त्वरित बदलावा ही विनंती.

"मी स्वतः" वर माझी नजर अडखळली. म्हटलं, अरे, पण टाकला तर मी.

"तुमचं नाव काहून टाकू? शोधलं तं म्याच ना."

खरं तर तेव्हाच तो कागद फाडायला हवा होता. फाडला असता तर तो चिडला असता, दोन दिवस बोलला नसता, बास. मी काय केलं, तर नीट घडी घातली आणि त्याला परत दिला. कप्पाळ माझं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी अर्ज वाचला, लाल पेन्सिलीनं "मी स्वतः"खाली रेघ ओढली आणि म्हणाले, हा कबुलीजबाब झाला. पासवर्ड मात्र त्याच संध्याकाळी बदलला. दुसऱ्या दिवसापासून त्याला ए.सी. खोलीत यायला मनाई. चौकशी होईपर्यंत बाहेर बाकावर बसायचं, चपलांच्या रांगेसमोर. आम्ही आत जाताना चपला काढायचो, बाहेर येताना घालायचो, आणि तो समोर बसलेला. मी एकदा डबा पुढे केला, त्यानं अर्धी पोळी घेतली.

मला बोलावून साहेब म्हणाले की या लोकांना जरा मोकळीक दिली की. वाक्य तिथेच सोडलं. पुरं करायची त्यांना गरज नव्हती, आणि पुरं करा म्हणायची माझी छाती नव्हती.

गुरुवारी मात्र मनाचा हिय्या करून मी गेले. सांगितलं, साहेब, पासवर्ड मी टाकला. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे बसायला खुर्ची दिली.

"मग तसं लिहून द्या. दोन नावं वर पाठवतो. त्याचं जायचं ते जाणारच, लेखी त्याचंच आहे. तुमचंही घालवायचं का, ते तुम्ही ठरवा."

घरी सांगितलं. नवरा वाईट माणूस नव्हता. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझ्या लिहून देण्यानं तो वाचत असेल तर आत्ता लिही, मी कागद आणून देतो. वाचणार आहे का तो? मी म्हटलं, नाही. मग झालं तर, म्हणाला. या बोलण्यात आजतागायत मला खोट सापडलेली नाही, आणि इतका राग मला दुसऱ्या कोणत्याच बोलण्याचा आलेला नाही. रात्रभर मी मनात तो कागद लिहीत होते आणि खोडत होते. सकाळी उठून डबे भरले आणि कामावर गेले.

मूग गिळून गप्प बसले, एवढंच सांगायचं.

जुलैत ऑर्डर निघाली नाही. हंगामी मुदत संपली ती वाढवली नाही, म्हणजे काढून टाकलं असंही कोणाला म्हणता येईना. भांडायचं तर कोणाशी आणि कशावर? शनिवारचे ते दोघं पुन्हा फिरकले नाहीत. रेडिओवाल्याच्या दुकानावरून मी दोनदा गेले, दोन्ही वेळा तो मान खाली घालून काही तरी सोल्डर करत होता.

ऑगस्टमध्ये आमचा हंगामी अनुभवाचा दाखला न्यायला आला. साहेबांनी मजकूर सांगितला आणि टाइप करायला मला दिला. इतके महिने काम केलं, अमुक प्रकारचं काम केलं. अशा दाखल्यात शेवटी एक ओळ असते, वर्तणूक चांगली होती म्हणून. मी ती ओळ टाइप करू का विचारलं, तर साहेब म्हणाले, नको, तेवढंच राहू द्या. वाईट काही लिहिलं नाही. नुसती ती ओळ नाही. नागपुरात नोकरी देणारा प्रत्येक जण दाखल्यात आधी तीच ओळ शोधतो, हे साहेबांनाही ठाऊक होतं, मलाही.

मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, खालच्या मोकळ्या जागेवर जरा थांबला, घडी करून खिशात ठेवला. मग आजूबाजूला बघून आवाज बारीक केला.

"ताई, तुमचं नाव कुठंच आलं नाई ना?"

मी म्हटलं, नाही.

"मंग बरं झालं," तो म्हणाला आणि जिना उतरला.

त्या वेळी मला रडू आलं असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. त्यानं तसं म्हटल्याबरोबर मला हायसं वाटलं.