मग कुणासाठी लिहिलं होतं?

थांबा, आधी माझं ऐका. काल इथे विमानप्रवासानं हवामान बिघडतं असं लिहिलं, तेव्हापासून तुम्ही नुसते भांडताय. कुणी म्हणतंय हवामान बदल थोतांड, कुणी म्हणतंय, "तुझी बाईक काय पाण्यावर चालते का भावा?" पण विमानाचं तिकीट कुणी रद्द केलं का?

एकीला करायचंय. कोल्हारच्या माझ्या मावशीला. तिची लेक बेंगळुरूला बाळंत झालीये. आज मावशी शिर्डीहून विमानानं निघणार, आयुष्यात पहिल्यांदा. मी विमानतळावर सोडायला तिच्या घरी आलो, तर ती बॅगेतले डिंकाचे लाडू परत डब्यात भरत होती.

"सूनबाईनं तुझं वाचून दावलं. इमानानं ऊन वाढतं म्हनं. तिकीट रद्द कर बाबा, मला न्हाई येत."

"अगं मावशे, तुझ्यासाठी नव्हतं ते."

"मग कुनासाठी हुतं?"

  

मी लाडू परत बॅगेत भरले, तिला गाडीत बसवलं. "पाप लागलं तर तुज्या डोक्यावर," म्हणाली आणि हसली.

लिहिलेलं खरंय, पोस्ट काढणार नाही. मावशीही जाणारच. तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?

राहू द्या. गाडीत बसून हॉर्न वाजवतेय ती. निघालो.