घरचं रक्त पहिलं

रक्त काढण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. म्हाताऱ्यांच्या सुकलेल्या हातात जिथं नर्सबायांना शीर सापडायची नाही, तिथं हा नुसता अंगठा फिरवायचा, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं" म्हणायचा, आणि माणूस तोंड वाकडं करेपर्यंत नळी भरलेलीसुद्धा असायची. त्यावरून लोकांनी त्याला मुंगीकाका करून टाकलं होतं. लॅबचा माणूस तो. पहाटे सहाला खांद्याला बॅग अडकवून निघायचा, घरोघर नमुने घेत अकराच्या पुढं लॅबमध्ये पोचायचा. बावीस वर्षं हेच.

आता इतकी वर्षं लोकांचं रक्त हाताळल्यावर माणसाला थोडं शहाणपण येतंच, आणि थोडं चढतंही. रिपोर्ट आला की लोक डॉक्टरकडे जायच्या आधी याला दारात अडवायचे. हा चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ धरायचा आणि निकाल द्यायचा. "उपाशीपोटी शंभरच्या आत, खुशाल राहा. शंभर ते सव्वाशे म्हणजे चोर दारात उभा आहे. एकशेसव्वीस किंवा वर, आणि तेही दोनदा आलं, म्हणजे चोर घरात शिरला." तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी असते, तिचाही आकडा त्याला पाठ होता. साडेसहा आणि पुढं गेली की डायबेटीस. आकडे सगळे बरोबर सांगायचा हो. त्यात कुणी खोट काढू शकणार नाही.

घोळ होता तो दुसऱ्याच गोष्टीत. त्याच्या लेखी डायबेटीस एकच होता, त्याच्या आईचा. उतारवयात आलेला, गोळ्यांवर चाललेला, पथ्याला आणि चालण्याला ऐकणारा. आईला त्यानं पंधरा वर्षं त्या आजाराबरोबर नीट सांभाळली होती, आणि तिनं डोळे मिटले ते शेवटी वयामुळे. त्यामुळे हा आजार आपल्या मुठीत आहे असं त्याला वाटायचं. दुसराही एक प्रकार असतो, पोरासोरांना होणारा, हे त्यानं शिकताना दोन ओळींत वाचलं होतं आणि परीक्षा झाल्यावर विसरला होता.

त्याला एकच लेक. चौदा वर्षांची, घरात शिरली की आधी आवाज यायचा आणि मग ती. त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि तिची पाण्याची बाटली दुपारच्या सुट्टीआधीच संपायला लागली. घरी आली की उभ्या उभ्या दोन तांबे घशाखाली. झोपेतून तीन-तीनदा बाथरूमला उठायची. आईच्या नजरेतून असलं सुटतं का? तिनं नवऱ्याला म्हटलं, "अहो, पोरीला डॉक्टरकडे नेऊन आणू. मला हे बरं दिसत नाही."

"डॉक्टर काय करणार? माझ्याच लॅबला चिठ्ठी देणार," तो हसत म्हणाला. "उद्या उपाशी राहू दे. मीच घेतो."

घरच्यांचं रक्त काढायची त्याची एक रीत होती. घरचं रक्त पहिलं. सहाला निघायच्या आधी घरातल्याचा नमुना घ्यायचा, बॅगेत टाकायचा आणि मग फेरीला लागायचं. लाडानं पाडलेली रीत होती ती, आपल्या माणसाला उपाशीपोटी ताटकळत ठेवायला नको म्हणून. शिवाय साखरेसाठी वेगळी नळी असते, राखाडी टोपणाची. तिच्यात चिमूटभर पावडर असते. त्या राखाडी नळ्या पेशंटच्या नावानिशी मिळायच्या, आणि हा इतका सरळ माणूस, की पेशंटच्या वाट्याची नळी घरासाठी वापरणं त्याला चोरी वाटायची. लाल टोपणाच्या साध्या नळ्या मात्र ढिगानं पडलेल्या असत. घरच्यांचं रक्त तो त्यातच घ्यायचा. आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण आईची तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, राखाडी नळीत व्हायची, आणि बाकी घरात कुणाला काही झालंच नव्हतं.

लेकीचं रक्त सहाला काढलं. उन्हाळा अजून पुरता उतरला नव्हता. नळी बॅगेत तळाशी, आणि वर एकेक करून अठ्ठावीस घरांच्या नळ्या. मशीनवर लागली तेव्हा बारा वाजले होते. आकडा आला एकशेचार.

तो तरंगतच घरी आला. "बघ, चोर नुसता दारात आहे. आपल्या घराण्यातलं आहे ते, माझ्या आईकडून आलंय. आतापासून लगाम घातला की पळून जाईल."

"पण इतकं पाणी?" बायकोनं विचारलं.

"उकडतंय किती. अगं, मी रोज तीस जणांचं रक्त काढतो. मला सांगतेस?"

बावीस वर्षांच्या अनुभवापुढं काय बोलणार बिचारी.

मग त्यानं लगाम घातला. गोड बंद, बिस्किटं बंद, भात अर्धी वाटी, आणि पहाटे पाचला लेकीला उठवून बागेच्या चार फेऱ्या. पोरगी कुरकुर करायची, पण बापाबरोबर मिळणारा तेवढाच वेळ, म्हणून जायची. तिसऱ्या आठवड्यात ती तिसऱ्या फेरीला बाकावर बसायला लागली. "बाबा, पाय चालत नाहीत रे." तो म्हणायचा, "आळस आहे तो, ऊठ." शाळेचा पट्टा दोन भोकं आत गेला, गालांची हाडं दिसायला लागली, आणि हा गृहस्थ काय करत होता म्हणाल, तर शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत होता की बघा, पथ्यानं वजन कसं झरझर उतरतंय. सांगतानासुद्धा जीभ अडखळते.

पाचव्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखायला लागलं. श्वास असा चालायला लागला की जशी काही जिने चढून आली आहे, आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. या वेळी बायकोनं त्याला विचारलंच नाही. रिक्षा बोलावली, लेकीला पांघरुणात गुंडाळली आणि सरळ इस्पितळ गाठलं. तो फेरी अर्धी टाकून मागून धावत पोचला.

साखर पाचशे चाळीस. तीन महिन्यांचा आकडा अकराच्या वर. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलणं सावकाश. म्हणाल्या, "हा पहिल्या प्रकारचा डायबेटीस आहे. शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं. पथ्यानं, चालण्यानं तो थांबत नाही, आणि यात तिची काहीच चूक नाही. बाहेरून इन्सुलिन द्यावंच लागतं, पहिल्या दिवसापासून. ते नसलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साठतं. तेच झालंय. आधी कधी साखर तपासली नव्हती का?"

"तपासली होती," तो घाईनं म्हणाला. "मीच. एकशेचार होती." खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं पुढं केला.

त्यांनी कागद पाहिला. "कुठल्या नळीत? काढल्यापासून किती वेळानं लावली?"

त्यानं पुढं केलेला कागद मागं घेतला. नव्या पोरांना शिकवताना तो हे शंभरदा बोलला होता. रक्त नळीत गेलं तरी जिवंत असतं, त्यातल्या पेशी तासातासाला साखर खात बसतात, म्हणून पावडरची नळी घ्या, म्हणून लवकर पोचवा. लेकीच्या रक्तानं सहा तास साखर खाल्ली होती. खरा आकडा एकशेचाळीसच्या आसपास असणार, आणि तो दिसला असता तर त्याच दुपारी तो तिला घेऊन धावला असता.

बायको शेजारीच उभी होती. तिला सगळं कळलं नाही, पण त्याचा चेहरा तिनं पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेक सावरली. सलाइन आणि इन्सुलिननं श्वास शांत झाला, तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं. दोघांच्या जिवात जीव आला. ती बापाचं बोट धरून हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नको. मी मैत्रिणीकडे दोनदा केक खाल्ला. आणि एकदा तू पुढं गेलास तेव्हा मी फेरी चुकवली. त्यामुळं झालं ना हे?"

सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. नाही गं बाळा, केकनं हा आजार होत नाही, चूक माझी आहे. पण पलंगाच्या त्या बाजूला बायको उभी होती, बाटल्या बदलणारी नर्स त्याच्या ओळखीची होती, आणि मुंगीकाकांना ते शब्द बाहेर काढता येईनात. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला.

"झोप आता," तो म्हणाला. "संध्याकाळी बोलू आपण."

"सॉरी बाबा," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

चारच्या सुमाराला तिचं डोकं दुखायला लागलं. मग ती हाकेला ओ देईना. मेंदूला सूज आली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान वयात या उपचारात कधीकधी अशी येते, आम्ही सगळं करतोय. त्यांनी खरंच सगळं केलं. यंत्रं लावली, औषधं बदलली, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. पोरगी पुन्हा उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी यंत्रं बंद केली.

तो पलंगाजवळ वाकला आणि तिच्या कानाशी बोलायला लागला. केकनं नाही झालं. फेरीनं नाही झालं. माझ्यानं झालं. तेच, पुन्हा पुन्हा, आवाज चिरकेपर्यंत. नर्सनं त्याला बाजूला करायचा प्रयत्न केला, पण बायकोनं तिला हातानं थांबवलं.

तो थांबल्यावर बायकोनं विचारलं, "हे तिला काल सांगितलंत का?"

त्यानं मान हलवली. नाही.

बायकोनं लेकीच्या हातावरची सुईची चिकटपट्टी हळूहळू, दुखू नये अशी काढली, आणि मग खाली बसून मोठ्यानं रडली.