पोळ्याच्या रांगेतलं पदक

बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचा वास आला की मला लहानपणी पाहिलेला मेडशीचा पोळा आठवतो. गावाबाहेरच्या बंगल्यात तेव्हा एक म्हातारा गोरा कर्नल राहत असे. जुन्या राणीच्या राज्यात तो काबूलच्या लढाईवर गेला होता आणि तिथून पाय अधू होऊन परतला होता. सणावाराला कोटावर राणीच्या छापाचं चांदीचं पदक लावून तो गावात येई. त्या वर्षी आमच्या शेजारच्या माळ्याचा बैल मोट ओढताना पडून लंगडा झाला होता, तरी माळ्याने त्याला झूल घालून तोरणाखाली आणलं. पाटील खेकसले, "लंगडा बैल रांगेत कायले आनला बे? घरी ने त्याले!" माळी रडवेला झाला. "पाटील, याच्याच मोटेची भाजी तुमी खाता. आजच्या दिवशी याले घरी कसा बांधू?" लोक हसले. तेवढ्यात काठी टेकत साहेब पुढे आला, कोटावरचं पदक काढून त्याने बैलाच्या बाशिंगाला बांधलं आणि म्हणाला, "पाटील, पहाड में तोफ बैल खींचा, मेडल हमको मिला. हम भी लंगडा है. हमको भी निकालेगा?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आता काढा साहेबाले बाहेर!" पाटलांनाही हसू आवरेना. "राहू दे बाप्पा, पयला उभा कर त्याले!" बैल लंगडत तोरणाखालून निघाला आणि साहेब त्याच्या चालीने शेजारून चालला. मुलांनो, त्या लढायांबद्दल पुढे मी पुष्कळ वाचलं आणि त्यातलं सगळंच कौतुकाचं नव्हतं. पण तो साहेब मला अजून आवडतो.