उणे एक सेकंद

मायाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणच्याची लिंबं चिरत होते. फोन यांचा होता, दवाखान्यातून. "माया गेली," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी ताटलीवर झाकण ठेवलं, हात धुतले. एका बोटाला कापलेलं होतं, तिथं लिंबाचा रस झोंबत होता. त्या घडीला मला रडू आलं नाही. खिडकीतून शेजारचं बैठं घर दिसलं, त्याचं स्वच्छ धुतलेलं अंगण दिसलं, आणि दातावर दात घट्ट बसले. डॉक्टर म्हणाले, आतड्याचा आजार होता. असेल. पण त्या अंगणानं माझ्या नणंदेचं अर्धं आयुष्य आधीच नेलं होतं, हे डॉक्टरांना कुठून कळणार? मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मायाताई माझ्याहून धाकट्या, पण मी त्यांना ताईच म्हणायचे. गणितात एम.एस्सी. झालेल्या, एका खासगी शाळेत शिकवायच्या, आणि संध्याकाळी मुकुंदवाडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर दहावीच्या मुलामुलींची शिकवणी घ्यायच्या. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "वहिनी, एवढी लेकरं जेवायला सोडून सगळ्याला माझ्याकडंच असतात." मुलं पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. भाकरी थापता थापता माझ्या कानावर वर्गसमीकरणं पडायची. बुद्धवंदना जशी ऐकून ऐकून पाठ होते, तशी एक ओळ मला पाठ झाली... दहा अधिक पाच टी वजा पाच टी वर्ग.

ती ओळ लिंबाची होती. वर फेकलेली वस्तू किती उंच जाते आणि जमिनीवर कधी पडते, हे फळ्यावर शिकवून ताईंचं समाधान व्हायचं नाही. सगळ्यांना गच्चीवर न्यायच्या. दोरी खाली सोडून त्यांनी मोजलं होतं, कठड्याची कडा जमिनीपासून बरोबर दहा मीटर. तिथं गिलाव्यावर खिळ्यानं एक रेघ आणि दहाचा आकडा कोरून ठेवला होता. आधी चेंडू फेकायच्या, पण चेंडू उड्या मारत नालीत जायचा आणि अर्धा वर्ग त्याच्यामागं पळायचा. लिंबू पडलं की पडल्या जागी राहतं. म्हणून माझ्या टोपलीतली वाळकी, कडक लिंबं त्या मागून घ्यायच्या.

"मॅडम, लिंबू खाली गेल्यावर सरबत कशाचं करायचं?" एक पोरगी विचारायची.

"आधी त्याची उंची काढ. मग वहिनी सरबत करतील."

कठड्याबाहेर हात काढून त्या लिंबू वर उडवायच्या. सगळ्यांच्या माना वर, मग एकदम खाली. वरच्या टोकाला ते क्षणभर थांबल्यासारखं वाटायचं. "थांबलं बघा!" ताई ओरडायच्या. "अर्धा सेकंद झाला. कठड्यापासून सव्वा मीटर वर, जमिनीपासून सव्वाअकरा. यापुढं जाणं नाही, आता येणं." एकदा घड्याळ माझ्या हातात दिलं. मी लाजून नको नको म्हणत होते, पण लिंबू रस्त्यावर आपटलं तेव्हा काटा दोन सेकंदांवर होता, आणि फळ्यावरचं उत्तरही दोनच. त्या दिवशी मला एवढा आनंद का झाला, मलाच कळलं नाही.

मग एकदा वाऱ्यानं म्हणा, हात वळल्यानं म्हणा, लिंबू रस्त्याऐवजी शेजारच्या काकूंच्या अंगणात पडलं. नेमकी अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाला ताप भरला. झालं! काकू गेटापाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगू लागल्या, "फळ्यावर कसलं कसलं लिव्हते, उलटं-सुलटं. मग लिंबू उतरवून आमच्या दारात टाकते. भानामती हाय ही!" आमच्या मराठवाड्यात हा शब्द बाईला लागला की तिच्या हातचं पाणीसुद्धा कोणी पीत नाही. नातवाचा ताप गोळ्यांनी उतरला, शब्द उतरला नाही.

मायाताईंना वाटलं, समजावून सांगितलं की समजेल. खडू घेऊन त्या काकूंच्या अंगणात गेल्या. फरशीवर गच्ची काढली, लिंबू काढलं, त्याचा वर जाऊन खाली येणारा वाक काढला, बाजूला समीकरण लिहिलं. "हे बघा काकू, यात मंत्र नाही. हे दहावीच्या पुस्तकात आहे. तुमचा नातूही शिकेल." काकू पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. ताई जिना चढून वर आल्या आणि आम्ही दोघींनी खिडकीतून पाहिलं... काकूंनी बादली आणली. त्यात गोमूत्र ओतलं. ते समीकरण तर धुतलंच, ताई जिथं जिथं उभ्या राहिल्या होत्या ती फरशीही धुतली. ताई जिथं उभ्या नव्हत्या तिथं एक थेंब टाकला नाही. ते पाणी कशासाठी होतं, हे कळायला मला शाळा लागली नाही. भानामती तर निमित्त.

एकेक करून मुलं यायची बंद झाली. सरबताचं विचारणारी पोरगीही. शाळेनं पुढच्या वर्षी "गरज नाही" म्हणून सांगितलं. ताई रिकाम्या खोलीत बसायच्या. एक दिवस मी भीत भीत विचारलं, "ताई, त्या लिंबाची तुम्ही नेहमी दोन उत्तरं काढायच्या. दोन सेकंद आणि उणे एक. ते उणे एक पुसून का टाकायच्या?"

त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या. "ते खोटं नसतं, वहिनी. आपण लिंबू फेकलं तिथून घड्याळ सुरू केलं. उणे एक म्हणजे त्याच्याही आधी एक सेकंद. लिंबू जर आपल्या हातून नव्हे, खालून जमिनीवरून निघालं असतं, तर तेव्हा निघालं असतं. आपल्याला त्याचं काम नाही, म्हणून सोडून द्यायचं."

मी सोडून दिलं नाही. आमच्या हातून सुटण्याच्या आधीच ते लिंबू खालून, काकूंच्याच अंगणातून निघालेलं होतं. फक्त पडायची वाट बघत होतं.

ताईंच्या मागच्या विधीला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, काकू आल्या. पांढरं लुगडं, डोळ्यांत पाणी. "लई गुणाची पोर व्हती वो," म्हणून रडल्या. मला वाटलं, आता म्हणतील. चार लोकांत एकदा म्हणावं, ते साधं लिंबू होतं, या पोरीनं काही केलं नव्हतं. एवढंच मला पाहिजे होतं, अजूनही एवढंच पाहिजे. त्या रडल्या, उठल्या, आमच्या घरचं पाणी न पिता गेल्या.

त्यानंतर मी गच्चीवर गेले आणि खिळ्याच्या रेघेवर एक लिंबू ठेवलं. नुसतं ठेवलं.

आठवडाभरानं काकू जिना चढून आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या. "वैनी, ते कठड्यावरचं लिंबू तेवढं काढून घ्या ना. घरात लगीन काढलंय."

"साधं लिंबू आहे, काकू."

"व्हय, मला ठावं हाय वो..."

"मग तेच खाली गेटापाशी म्हणा. सगळ्या बायांसमोर. मायाताईंचं नाव घेऊन." माझा आवाज कापत होता, पण निघाला.

"आता जुनं कशाला उकरता?"

"मग राहू द्या ते तिथंच."

मायाताई असत्या तर माझ्यावर रागावल्या असत्या. ज्या भीतीपायी त्या संपल्या तीच मी हातात धरली, म्हणाल्या असत्या. बरोबर आहे. पण रागवायला त्या नाहीत, आणि मला समजावून सांगता येत नाही.

लग्नाचा मांडव पडला, उतरला. लिंबू वाळलं की मी नवं ठेवते. संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर जाते तेव्हा काकू अंगणात असतात आणि मान वर करून बघतात. मी लिंबू उचलते, पदरानं पुसते, ताई काढायच्या तसा हात कठड्याबाहेर काढते... आणि तशीच उभी राहते. काकू नातवाचं बखोट धरून आत जातात, दार लागतं. मग मी लिंबू परत रेघेवर ठेवते, दहाच्या आकड्याशेजारी.