डेंटिस्टकडे जातो असं सांगून

आम्ही दोघं एकदा कसिनोत राहून आलो. दोन रात्री, तीन दिवस, पर्थला, नदीकाठच्या एका चकचकीत रिसॉर्टमध्ये. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की पहिला प्रश्न येणार ‘किती हरलात?’ आणि दुसरा ‘कधीपासून नाद लागला?’ नाद कसला डोंबलाचा! जुगारातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. घरी रमी खेळताना मी पत्ते सगळ्यांना दिसतील असे धरते, अशी नवऱ्याची कायमची तक्रार आहे.

आम्ही राहतो ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला. नवरा सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, मी एका ऑफिसात पेरोल बघते. तिथून पर्थ सहाशे किलोमीटर. गाडीने सात तास, लाल माती आणि रस्त्याच्या कडेने सोबत करणारी पाण्याची पाइपलाइन, बाकी काही नाही. हा रस्ता आम्ही सात वर्षांत इतक्या वेळा केला की कुठल्या पेट्रोल पंपावरचं टॉयलेट स्वच्छ असतं, ते मी झोपेतही सांगेन. पर्थला आमचं आयव्हीएफचं क्लिनिक होतं. पाच वेळा झालं नव्हतं. ही सहावी वेळ, आणि डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की ही शेवटची. गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता आणि मी त्रेचाळीस वर्षांची होते. तो आत सोडून दोन आठवडे झाले होते. आता फक्त रक्त तपासायचं, की कळणार.

रक्त खरं म्हणजे कालगुर्लीतही देता आलं असतं. लॅब आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. पण तिथल्या काउंटरवर आपली एक मराठी मुलगी बसते. फार गोड मुलगी, गणपतीला पन्नास मोदक करून आणते. तिने फॉर्म बघितला असता की संपलं. म्हणून एक नळी रक्त द्यायला आम्ही सहाशे किलोमीटर जात होतो.

सांगायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. माझ्या आईने तो माझ्या बहिणीला तिच्या पहिल्या खेपेला घालून दिला होता: तिसरा महिना संपेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, नजर लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तेव्हा कॉलेजात होते, हसले होते. माझ्या वेळी मात्र तोच नियम मी देवाच्या अक्षता सांभाळाव्यात तसा सांभाळला. गंमत अशी की आमचा तिसरा महिना कधी आलाच नाही. त्यामुळे सांगायची वेळही आली नाही. एकदा सात आठवडे झाले होते, तेही कुणाला माहीत नाही. माझी आई चार वर्षांपूर्वी गेली, ती ‘तुम्हा दोघांना पोरंबाळं नकोच होती का गं?’ असं विचारत गेली. मी तिला तेव्हाही सांगितलं नाही. याचा मला इतका राग येतो की कधी कधी भांडी घासताना हातातलं पातेलं आपटते.

नवरा माझ्याहून कडक. विज्ञानाचा माणूस, घरात लिंबू-मिरची दिसली तर फेकून देणारा. पण याबाबतीत सोवळं पाळल्यासारखं वागायचा. फोनमध्ये क्लिनिकचा नंबर ‘डेंटिस्ट’ म्हणून सेव्ह. सुट्टी मागताना डेंटिस्ट. मित्रांना डेंटिस्ट. सात वर्षं दोघं जण आळीपाळीने डेंटिस्टकडे! गावात आमच्या दातांची इतकी बदनामी झाली की एका डॉक्टरांच्या बायकोने मला लवंगेच्या तेलाची बाटली आणून दिली. ‘रूट कॅनॉल करूनच टाक एकदाचं,’ म्हणाली. मी थँक्यू म्हणून घेतली.

आणि कसिनो अशासाठी की पर्थमध्ये आपली चार घरं ओळखीची. साध्या मोटेलात कुणाला दिसलो तर ‘आमचं घर असताना?’ म्हणून बॅगा उचलून नेतील आणि चहा-पोह्यांबरोबर चौकशी सुरू. कसिनोच्या हॉटेलात आपलं माणूस भेटणार नाही, हे नवऱ्याचं गणित. माझं गणित वेगळं होतं. तिथे लहान मुलं नसतील. भाव बघून मी म्हटलं, अरे वेड लागलंय का तुला? तो म्हणाला, ‘शेवटचं आहे. होऊ दे खर्च.’

गुरुवारी संध्याकाळी पाचला पोचलो. रिसेप्शनवरच्या मुलीने हसून विचारलं, काही सेलिब्रेट करताय का? नवरा म्हणाला, ‘नो, नो.’ एवढ्या घाईने म्हणाला की ती बिचारी ओशाळली. सातव्या मजल्यावरची खोली. पांढऱ्याशुभ्र चादरी, बाथरूममध्ये आमच्या स्वयंपाकघराएवढा टब. मी पडदा सरकवला आणि खाली बघितलं तर स्विमिंग पूल, आणि पुलात पोरंच पोरं. शाळांच्या सुट्ट्या! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळांच्या सुट्ट्या लक्षात ठेवायची मला सवयच नाही. ‘मेलं कसिनो आहे का पाळणाघर?’ म्हणून मी पडदा ओढून घेतला.

पण खरं सांगते, त्या संध्याकाळी मी चिडलेली नव्हते. मला आतून वाटत होतं की या वेळी आहे. छाती दुखत होती. गाडीत कॉफीच्या वासाने मळमळलं होतं. औषधांनीही असंच होतं हे मला पाचदा कळून चुकलेलं, तरी मला वाटत होतं. सात तास गाडी चालवून नवरा बुटांसकट झोपला आणि मी एकटीच खाली गेले.

कसिनोचा तो हॉल मोठा, थंडगार. गालिचा असा की पावलांचा आवाज येत नाही. मशीनच्या रांगा, प्रत्येकीसमोर एकेक माणूस, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मी नुसतीच हिंडत होते. एका म्हातारीने मला हाक मारली. सत्तरी ओलांडलेली, लिपस्टिक लावलेली, पायात स्लिपर. शेजारची खुर्ची थोपटून म्हणाली, बस गं, एकटीने खेळून कंटाळा आला. मी बसले. तिच्या मशीनवर सोन्याच्या विटा गरागरा फिरत होत्या. ती म्हणाली, नवरा गेल्यापासून गुरुवारी येते, ठरलेले पैसे घेऊन येते, संपले की बसने घरी. मला आवडली ती. कुणाची कुणी नाही, माझं नाव तिने विचारलं नाही, मी तिचं नाही.

वेटर ट्रे घेऊन आला. म्हातारी म्हणाली, हिला एक व्हाइट वाइन, माझ्याकडून. मी नको म्हटलं. अगं घे, ती म्हणाली, सुट्टीवर आहेस ना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आय कान्ट. आयम हॅविंग अ बेबी.’

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. सात वर्षं मी ते हाड बसवून घेतलं होतं, आणि ते एका मशीनसमोर गळून पडलं. इंग्रजीत म्हटलं म्हणून चाललं असेल, असं मी मनाला सांगितलं. परकी भाषा, परकी बाई. पण शब्द कानावर पडले आणि मला काय वाटलं म्हणून सांगू! रडूच फुटायला आलं आनंदाने. म्हातारीने माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘ओ डार्लिंग!’ म्हणाली, तिचे डोळे भरून आले. कितवा महिना, मळमळतं का, आलं खा, पहिलंच का? मी सगळ्याला हो, हो म्हणत गेले. मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. मग तिने माझं बोट बटणावर ठेवलं, म्हणाली, आता तू दाब, बाळाचा पायगुण बघू. मी दाबलं. मशीन किणकिणलं, तिला वीस-बावीस डॉलर लागले. तिने मला मिठी मारली.

मी वर आले. नवरा जागा झाला होता. ‘कुठे गेली होतीस?’ म्हणाला. मी म्हटलं, पाय मोकळे करायला.

शुक्रवारी सकाळी आठला रक्त दिलं. परत येऊन बुफे ब्रेकफास्ट घेतला, पंचवीस प्रकार मांडलेले, मी टोस्टचा एक तुकडा चघळत बसले. फोन दुपारी येणार होता. खोलीत बसून आम्ही टीव्हीवर क्रिकेट लावलं आणि दोघांनीही बघितलं नाही. अडीचला ‘डेंटिस्ट’ असं फोनवर उमटलं. नर्सने आधी माझी जन्मतारीख विचारली. ती विचारायची पद्धतच असते, पण तिचा आवाज मला पाठ झाला होता. ‘आयम सो सॉरी’ पर्यंत मी थांबलेच नाही, फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो ‘येस, येस, नो वरीज, थँक्यू’ म्हणत राहिला. औषधं आजपासून बंद करा, असं ती सांगत होती, आणि तो नो वरीज म्हणत होता.

दुसरी रात्र रद्द करता येत नव्हती. आणि घरी तरी जाऊन काय करायचं होतं? पाच वेळा आम्ही परतीच्या रस्त्यावर ‘पुढच्या वेळी’ असं काही तरी बोलत गेलो होतो. या वेळी बोलायलाच काही नव्हतं. नवरा शॉवरखाली अर्धा तास उभा होता. मला भूक लागली, त्याची लाज वाटली, तरी मी चिप्स मागवल्या आणि सगळ्या एकटीने खाल्ल्या. एक वाइनही मागवली, आता चालणार होतं. खालच्या स्विमिंग पूलमधून पोरांचा आरडाओरडा वर येत होता. मी त्या पोरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. खोटं कशाला बोलू, घातल्या.

शनिवारी सकाळी सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. त्या दर शनिवारी करतात. नवरा हॉटेलच्या पांढऱ्या झग्यात होता, मागे ती भली मोठी खिडकी. सासूबाई खूश झाल्या. ‘अगं बाई! कुठे आहात? मजा आहे बाबा तुमची. सुटसुटीत संसार, ना कुणाच्या शाळा, ना परीक्षा.’ त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं आम्हीच तर तसं वाटू दिलं होतं.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘आई, आम्ही मुलासाठी सात वर्षं ट्रीटमेंट घेत होतो. सहा वेळा. काल शेवटची होती. नाही झालं.’

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ‘मला का नाही रे सांगितलंस,’ म्हणाल्या, ‘मी परकी का?’ रडल्या. आणि रडता रडताच डोळे पुसून विचारलं, ‘या दिवसांत कुणाला बोलला होतात का? आधीच?’

‘नाही गं आई. कुणालाच नाही. तुलासुद्धा नाही.’

‘मग कसं झालं असं?’ सासूबाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. नवरा पलंगाच्या कडेवर बसून राहिला. म्हातारीची गोष्ट मला एकटीला पेलवेना. मला वाटलं, याला सांगावं, हा म्हणेल, वेडी आहेस का, म्हातारीला सांगून काय होतंय, नजर-बिजर काही नसतं. मला तेवढंच ऐकायचं होतं. त्याच्याकडून.

‘मी सांगितलं होतं एकीला,’ मी म्हटलं. ‘खाली मशीनवर एक म्हातारी होती. तोंडातून निघून गेलं.’

तो हसला नाही. चिडलाही नाही. माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘कधी?’

‘म्हणजे?’

‘रक्त द्यायच्या आधी, का नंतर?’

खाणीत सुरुंग कुठे आणि किती सेकंदांनी उडवायचा ते ठरवणारा माणूस तो. चेहऱ्यावर एक रेष हलली नव्हती, नुसतं उत्तराची वाट बघत होता.

‘नंतर,’ मी म्हटलं. ‘काल. ब्रेकफास्टनंतर तू गाडीतून चार्जर आणायला गेलास ना, तेव्हा.’

तो मनात जुळवत होता, मला दिसत होतं. मग त्याने श्वास सोडला. ‘मग नाही,’ म्हणाला. ‘मग त्याचा काही संबंध नाही.’ आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो त्या दोन दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणत राहिले, नाहीच रे, काही संबंध नाही.