चारशे अठरा, चारशे अठरा
आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो शाळेतल्या गणिताच्या सरांमुळे. काल बँकेचा ओटीपी आला, ५२७५२७, आणि सर मला भेटायला पुण्यात आले होते तो दिवस आठवला. परत जाताना स्वारगेटच्या स्टँडवर, डिझेलच्या वासात चहा घेता घेता, सरांनी शाळेतल्यासारखंच आपलं तिकीट माझ्यापुढे धरलं. नंबर होता ४१८४१८. "सातनं भाग जातो का रे?" मी मनात भागाकार मांडतोय तोच सोबत आलेला माझा पुण्याचा वर्गमित्र म्हणाला, "मांडायचंय काय त्यात, सर? तेच तीन आकडे दोनदा आलेत, म्हणजे चारशे अठरा गुणिले एक हजार एक. आणि एक हजार एकला सात, अकरा, तेरा, तिन्हींनी भाग जातो." "अरे वा! परत सांग, परत!" सरांचे डोळे चमकले. तसे ते आजवर फक्त माझ्या उत्तराला चमकायचे. त्यांची पिशवी गाडीत मी चढवली, पण खिडकीतून ते हात करत होते त्याला. खोलीवर येऊन मी संध्याकाळभर तीच संख्या फोडत बसलो आणि सकाळी सरांना पत्र टाकलं: "सर, ४१८४१८ ला अकरानं एकदा नाही, दोनदा भाग जातो. हे त्यानं सांगितलं नव्हतं."